ब्रिटनमधली चॅरिटी शॉप्स आणि शनिवारची भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या, शिकायला आलेल्या किंवा उन्हाळ्यापुरत्या मुलांकडे आलेल्या मराठी मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. दुकानांची पद्धत लंडनपासून एडिंबरापर्यंत जवळपास सारखीच असते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

चॅरिटी शॉप म्हणजे नेमकं काय?

लोकांनी दिलेल्या वापरलेल्या वस्तू विकून धर्मादाय संस्थेसाठी पैसे उभे करणारं दुकान. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झाली आणि त्याच दशकाच्या अखेरीस तिने ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटलं. आज देशभरात अशी दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च यूके, बर्नार्डोज, सू रायडर, शेल्टर, एज यूके ही मोठी नावं. शिवाय गावोगावच्या हॉस्पिसची (बरं न होणाऱ्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थांची) आपापली दुकानं असतात. दान आलेल्या मालाच्या विक्रीवर व्हॅट शून्य, जागेच्या स्थानिक करात ८० टक्के सूट आणि काउंटरवर बहुतेक स्वयंसेवक, म्हणून चांगल्या रस्त्यावरही ही दुकानं तग धरतात.

हॉस्पिसची दुकानं मोठ्या साखळ्यांपेक्षा जरा विस्कळीत असतात आणि किंमतीही सैल असतात. आमचा कल तिकडेच.

किंमत कोण ठरवतं? खरंच “माहीत नसल्यामुळे” काही स्वस्तात मिळतं का?

पूर्वीइतकं नाही. पिशवी आली की मागच्या खोलीत माल निवडला जातो. फाटकं-डागाळलेलं कापड चिंध्यांच्या व्यापाऱ्याला वजनावर जातं. उरलेल्या कपड्यांवर वाफेची इस्त्री फिरते, टॅग लागतो आणि ते रॅकवर येतात. दागिने, नामांकित पर्स, पहिल्या आवृत्तीची पुस्तकं, जुने कॅमेरे असं काही निघालं तर ते बाजूला काढून ऑनलाइन विकण्याकडे मोठ्या संस्थांचा ओढा असतो. त्यामुळे “दोन पौंडांत हिऱ्याची अंगठी” या आशेवर जाऊ नका.

स्वस्तात मिळतं ते वेगळ्याच कारणाने. इथे किंमत ठरते ती वस्तूच्या प्रकारावरून. ती किती चांगली बनवली आहे याचा विचार कमी होतो. स्वेटर म्हणजे अमुक पौंड, मग तो ॲक्रिलिकचा असो की शुद्ध लोकरीचा. पातेलं म्हणजे अमुक पौंड, मग तळ पातळ असो वा जाड. कापड, धातू आणि शिवण हाताला ओळखता आली की हा फरक तुमच्या पदरात पडतो.

टॅगवर बऱ्याचदा आठवड्याचा आकडा किंवा तारीख असते, काही ठिकाणी दर आठवड्याला टॅगचा रंग बदलतो. माल साधारण दोन ते चार आठवडे मांडून ठेवतात. मग भाव उतरतो, नाहीतर माल दुसऱ्या शाखेत जातो किंवा चिंध्यांत. एकाच दुकानात दोन-तीनदा गेलात की तिथला आकडा वाचता येतो, आणि थांबायचं की आजच घ्यायचं ते ठरवता येतं.

कोणत्या गावात जावं?

यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. दान आसपासच्या घरांतूनच येतं, त्यामुळे दुकानात काय मिळेल हे तिथे राहतं कोण यावरून ठरतं. सधन, वयस्कर वस्ती असेल तर लोकरीचे कोट, चिनीमाती आणि चांगली भांडी. विद्यापीठाजवळ पुस्तकं, दिवे, किटल्या. तरुण नोकरदारांच्या भागात फॅशनच्या साखळ्यांचे एक-दोनदा घातलेले कपडे. मोठ्या मॉलशेजारच्या दुकानात बहुधा फास्ट फॅशनच भरलेली असते. तिथे वेळ घालवू नये. एका रस्त्यावर चालत पाच-सहा दुकानं होतील अशी जागा निवडा.

एडिंबराचं स्टॉकब्रिज त्यासाठी उत्तम. वेव्हर्ली स्टेशनपासून चालत साधारण अर्धा तास, बहुतेक उतार. रेबर्न प्लेसवर दुकानांची रांगच आहे. ती संपवून जवळच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जा, बागेत प्रवेश फुकट. नंतर वॉटर ऑफ लीथ नदीच्या काठाकाठाने डीन व्हिलेजपर्यंत चाला. रविवारी स्टॉकब्रिजमध्ये खाण्यापिण्याचा बाजारही भरतो, मात्र त्या दिवशी सगळी दुकानं उघडी असतीलच असं नाही.

ऑक्सफर्डला गावाच्या मध्यात पुस्तकांसाठी फिरा, भांडी आणि कोटांसाठी बसने उत्तरेला समरटाऊन गाठा. मधल्या वेळात ॲशमोलियन संग्रहालय, तेही फुकट. लंडनमध्ये मॅरिलबोन हाय स्ट्रीट पाहून पाच-दहा मिनिटांवरच्या वॉलेस कलेक्शन या कलासंग्रहालयात जाता येतं, तिथेही तिकीट नाही. चेल्सीत ओल्ड चर्च स्ट्रीटवरचं ब्रिटिश रेड क्रॉसचं दुकान नामांकित डिझायनर कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. भावही त्याच मानाने चढे, पण मूळ किमतीच्या तुलनेत बरेच खाली. यॉर्कशरमध्ये हॅरोगेट आणि इल्कली, टेम्सकाठी मार्लो, ब्रिस्टलमध्ये ग्लॉस्टर रोड: हीसुद्धा एका दिवसाची चांगली ठिकाणं.

एका दिवसात एकच गाव करा. दोन गावांचा बेत आखला की अर्धा दिवस फलाटावर जातो.

कोणता दिवस, कोणती वेळ?

बहुतेक दुकानं सकाळी ९ ते १० दरम्यान उघडतात आणि ५ पर्यंत बंद होतात. छोट्या गावात ४ वाजताही दार लागलेलं असतं. रविवारी कित्येक दुकानं बंद असतात, कारण माणसं मिळत नाहीत. म्हणून दुकानं शनिवारी करा आणि निव्वळ भटकंतीला रविवार ठेवा. आठवड्याच्या मध्यात सुट्टी काढता आली तर त्याहून छान: शनिवार-रविवारी लोकांनी आणून दिलेला माल सोमवार-मंगळवारपासून रॅकवर चढू लागतो.

वर्षातले दोन काळ लक्षात ठेवा. पहिला म्हणजे जानेवारी महिना, जेव्हा नाताळात मिळालेल्या नकोशा भेटी पाकिटासकट येतात. दुसरा जून, जेव्हा विद्यापीठांच्या गावांत मुलं खोल्या रिकाम्या करतात. नव्याने शिकायला येणाऱ्यांनी सप्टेंबरात कढया-पातेली नवी घेण्याआधी या दुकानांत एक चक्कर टाकावीच. गरम कोट मे महिन्यात बघा, तेव्हा त्यांना गिऱ्हाईक नसतं.

घासाघीस चालते का?

नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातली सवय घरी ठेवून या. काउंटरवरचा माणूस फुकट काम करतोय आणि किंमत त्याने ठरवलेली नाही. मात्र टॅग लावताना न दिसलेला दोष तुम्हाला दिसला (बटण नाही, सहा बशांपैकी एकीला तडा), तर तो दाखवून “यावर काही कमी होईल का?” असं मॅनेजरला विचारण्यात गैर काही नाही. नाही म्हटलं तर तिथेच थांबायचं.

कपडे कसे तपासायचे?

आधी लेबल. १०० टक्के लोकर, कॅशमिअर, लिनन, रेशीम, सुती: यांतलं काही असेल तरच हँगर खाली काढा. “वूल ब्लेंड” लिहिलं असेल तर आकडे वाचा. २० टक्के लोकर आणि ८० टक्के ॲक्रिलिक म्हणजे गोळे येणारच.

मग कपडा खिडकीपाशी न्या. दुकानातल्या पिवळट दिव्यांत काळा आणि नेव्ही ब्लू सारखेच दिसतात, डागही लपतात. क्रमाने पाहा: काखा, कॉलरची आतली घडी, बाह्यांची टोकं, पँटचा मांडीचा भाग, खिशांचं कापड, शेवटी अस्तर. कोटाचं अस्तर काखेत उसवलेलं असतं आणि तेच पाहायचं राहून जातं. शिवण उसवली असेल तर दहा मिनिटांचं काम. पण अस्तराचं कापडच विरलं असेल तर ते पूर्ण बदलावं लागतं, आणि इथल्या शिंप्याची मजुरी कोटाच्या किमतीच्या कितीतरी पट होते. चेन दोनदा पूर्ण वर-खाली करून पाहा. मधल्या दात्यांवर अडकत असेल तर सोडून द्या.

घामाचा वास थंड कपड्याला येत नाही, अंगावर घालून ऊब लागली की येतो. काखेचं कापड तळहातात अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग हुंगा.

कसर हे लोकरीचं मोठं दुखणं. बारीक, वेड्यावाकड्या कडांची भोकं आणि जाळ्यासारखे धागे दिसले तर घेऊ नका. शंका नसली तरी दुकानातून आणलेली लोकर थेट कपाटात ठेवू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर बाहेरचं बाष्प कापडावर धरतं. मग लोकरीच्या सायकलवर ३० अंशांत धुवा आणि सपाट पसरून वाळवा. टांगलेला ओला स्वेटर लांबतो.

काही खुणा ओळखून ठेवा. “सेंट मायकल” हे मार्क्स अँड स्पेन्सरचं जुनं लेबल २००० मध्ये थांबलं, म्हणजे ते दिसलं तर कपडा त्याआधीचा. हॅरिस ट्वीडच्या लेबलवर गोल आणि क्रॉसची खूण असते. हे कापड स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकराच्या घरीच हाताने विणलेलं असावं लागतं, आणि १९९३ च्या कायद्याने त्या नावाला संरक्षण आहे. बार्बर या ब्रिटिश कंपनीचं मेणकापडी जॅकेट कधीही मशीनमध्ये टाकू नका. मेण निघून जातं आणि जॅकेट चिंधीगत होतं. थंड पाणी आणि स्पंजने पुसायचं, वर्षाकाठी मेणाचा नवा हात द्यायचा. वापरलेल्या बार्बरला येणारा वास पूर्णपणे जात नाही. तो सहन होत नसेल तर नाद सोडा.

साइझच्या आकड्यावर विसंबू नका. घरी तुम्हाला नीट बसणारा कोट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं अंतर मोजा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. टेप खिशात असू द्या. ट्रायल रूम बऱ्याच ठिकाणी नसते, असली तर मालाने भरलेली असते. आई-बाबांसाठी कोट घेताना आत स्वेटर घालणार हे धरून त्या अंतरात ५ सेंटिमीटर मिळवा.

स्वयंपाकघरासाठी काय घेण्यासारखं?

सगळ्यात आधी बिडाची भांडी. जुनी बिडाची फ्रायपॅन गंजलेली म्हणून दोन-चार पौंडांत मिळते आणि डोसे-थालीपीठासाठी तिला तोड नाही. सपाट काउंटरवर ठेवून हलवून पाहा, डगमगली तर तळ वाकला आहे. तडा असेल तर नको. गंज मात्र जातो: तारेच्या घासणीने आणि मिठाने घासा, लगेच धुऊन गॅसवर पूर्ण कोरडी करा, तेलाचा अगदी पातळ हात लावून पुन्हा पुसून घ्या, २२० अंशांच्या ओव्हनमध्ये पालथी घालून तासभर ठेवा आणि आतच थंड होऊ द्या. हे तीनदा करा. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो. नव्वद टक्के लोकांचं इथेच बिघडतं.

ल क्रुझेसारख्या मुलामा दिलेल्या जड भांड्यावर २०, २४ असा आकडा असतो, तो व्यासाचा सेंटिमीटरमधला. बाहेरचा टवका चालेल. आतला चालत नाही, कारण तिथून मुलामा उडत राहतो आणि जेवणात येतो.

फ्रीजवरचं एक लोहचुंबक बरोबर ठेवा. भांड्याच्या तळाला घट्ट चिकटलं तर ते इंडक्शनवर चालेल.

लोणच्यासाठी क्लिपच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या मुबलक मिळतात. रबरी कडं कडक झालेलं असतं, ते नवं घ्या. बरणीच्या काठावर बोट फिरवून टवका नाही ना ते बघा. गरम साबणपाण्याने धुऊन १४० अंशांच्या ओव्हनमध्ये १५ मिनिटं, रबर वेगळं उकळत्या पाण्यात. पत्र्याच्या झाकणाच्या बरणीत लोणचं भरू नका, मीठ आणि आंबट पत्रा खातात.

चिनीमातीचा कप बोटाच्या नखाने टिचका मारून ऐका. स्वच्छ नाद आला तर अखंड, “थड” असा आवाज आला तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे. बोन चायना उजेडासमोर धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. सोनेरी काठ असेल तर मायक्रोवेव्हमध्ये नको. फार जुनी, भडक रंगवलेली भांडी शोभेला ठेवा. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे त्यांत चिंचेची चटणी किंवा लिंबाचं काही ठेवू नये.

दगडी खलबत्ता दिसला तर विचार करत बसू नका. पितळी ताटं आणि तांबेही अधूनमधून निघतात, कित्येक एके काळी हिंदुस्थानातूनच आणलेले. आतून कल्हई नसेल तर त्यांत आंबट काही शिजवू नये हे सांगायला नकोच, आणि इथे कल्हईवाला दारावर येत नाही.

प्रेशर कुकर वापरलेला घेऊ नका. झडप आणि रिंगचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसतो.

चांदी कशी ओळखायची?

इंग्लंडमध्ये शिक्का मारलेल्या स्टर्लिंग चांदीवर चालणाऱ्या सिंहाची छोटी खूण असते; बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर आणि लंडनचं बिबट्याचं मस्तक ही त्या त्या गावची चिन्हं. “ईपीएनएस” कोरलेलं असेल तर निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा आहे. चमचे म्हणून छान, चांदी म्हणून नाही.

विजेच्या वस्तू आणि फर्निचर?

विजेची वस्तू तपासणीचा स्टिकर असेल तरच घ्या. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची खास फर्निचर आणि विजेच्या वस्तूंची दुकानं आहेत. दाब भारतासारखाच २३० व्होल्टचा असल्यामुळे दिवा किंवा मिक्सर परत नेला तर फक्त प्लग बदलावा लागतो.

सोफ्याला आगीपासून सुरक्षिततेचं शिवलेलं लेबल हवं, १९८८ च्या नियमांमुळे. ते बहुधा गादीखाली किंवा बैठकीच्या तळाशी असतं. तुम्ही हौसेने ते कापून टाकलंत तर पुढे दुकान तुमचा सोफा दान म्हणूनही घेणार नाही. कपाट घेण्याआधी वस्तूबरोबर घराचा जिनाही मोजा. व्हिक्टोरियन घरांच्या वळणावर कपाटं अडकतात.

काय अजिबात घेऊ नये?

मुलांच्या गाडीतल्या सीट आणि सायकलची हेल्मेट. अपघातात आतला फोम दबला असेल तर बाहेरून दिसत नाही. बहुतेक दुकानं ती विकायला ठेवतच नाहीत. खेळण्यावर सीई किंवा यूकेसीए हे सुरक्षिततेचं चिन्ह हवं आणि बटणसेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा हवा. जिगसॉ “मोजलेला” असं लिहिलं नसेल तर एखादा तुकडा गेलाय असं धरूनच घ्या.

घेतलेली वस्तू परत करता येते का?

मन बदललं म्हणून परत घ्यायची कायद्याने सक्ती नाही, पण टॅग शाबूत आणि पावती असेल तर बरीच दुकानं ठरावीक दिवसांत बदलून देतात. वस्तू सांगितल्याप्रमाणे नसेल, म्हणजे चालू म्हणून दिलेला दिवा लागतच नसेल, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचा आधार आहे. दोष दाखवूनच विकलेली वस्तू यात बसत नाही.

प्रवासाचा खर्च कसा आटोक्यात ठेवायचा?

वाचवलेले दहा पौंड रेल्वेच्या तिकिटात घालवले तर काय उपयोग? दोघं नेहमी बरोबर जात असाल तर टू टुगेदर रेलकार्ड या रेल्वेच्या सवलतीच्या कार्डावर एक तृतीयांश सूट आहे. आठवड्यात सकाळी ९.३० च्या आधी ते चालत नाही, शनिवार-रविवारी ती अट नाही. मुलं असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स कार्ड: मोठ्यांना एक तृतीयांश, ५ ते १५ वयाच्यांना ६० टक्के सूट, मात्र किमान एक मूल बरोबर हवं. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही. साठी पूर्ण झालेल्या कुणालाही सीनियर रेलकार्ड मिळतं, भारतातून आलेल्या आई-बाबांनाही. स्टेशनच्या खिडकीवर वयाच्या पुराव्याला पासपोर्ट न्या. इंग्लंडमध्ये २०२५ पासून बहुतेक स्थानिक बसचं एकेरी भाडं ३ पौंडांवर जात नाही.

डबा घरून न्या. पोळीची गुंडाळी बागेत खाता येते, संग्रहालयाच्या दालनात नाही. पिशवी दोन घ्या: कपड्यांना कापडी, काचेला चौकोनी तळाची. जड काही सकाळीच सापडलं तर पैसे भरून “संध्याकाळपर्यंत मागे ठेवाल का?” असं विचारा. बहुतेक ठेवतात. फक्त दुकान कधी बंद होतं ते बिलावर लिहून घ्या.

आपल्या वस्तू द्यायच्या असतील तर?

दुकान उघडं असताना आत नेऊन द्या. रात्री दारात ठेवलेली पिशवी पावसात भिजते आणि तिची विल्हेवाट लावायला संस्थेलाच पैसे मोजावे लागतात. कपडे धुतलेले हवेत. साड्या काही दुकानं आनंदाने घेतात, काहींना त्या मांडता येत नाहीत, आधी विचारा.

“गिफ्ट एड” भरणार का असं विचारतात. तुम्ही इथे प्राप्तिकर भरत असाल तर हो म्हणा: वस्तू २० पौंडांना गेली तर संस्थेला सरकारकडून आणखी ५ पौंड मिळतात. पण त्या वर्षी तुम्ही तेवढा कर भरलेला असला पाहिजे, नाहीतर फरक तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. कर न भरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पाहुण्यांनी सही करू नये.

आई सहा महिन्यांसाठी आली आहे, घरात कंटाळते. तिला तिथे काम करता येईल का?

स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत विनावेतन मदत करता येते. सुट्टीच्या इतर कार्यक्रमांबरोबर ती चालते, पण येण्याचा मुख्य हेतू ती असता कामा नये. दुकानात जाऊन मॅनेजरला थेट विचारावं आणि व्हिसाचा प्रकार आधीच सांगावा. इंग्रजी बेताचं असेल तर काउंटरऐवजी मागच्या खोलीत निवडणं, इस्त्री, बटणं लावणं ही कामं मागून घ्यावीत. कापडाची पारख असलेल्या माणसाची तिथे नेहमीच वानवा असते.